निरोग्यांच्या डब्यातलं माझं रक्त

आमच्या लॅबमध्ये आजारी माणसांचा तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा होता तो धडधाकट माणसांचा. मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या नसांच्या ज्या आजारावर आमच्याकडे काम चालतं, त्याच्या रोगी बाया दुर्गहून, बिलासपूरहून, पार जगदलपूरहून गाड्या बदलत यायच्या आणि मुकाट्यानं हात पुढं करायच्या. पण तुलनेसाठी त्याच वयाची एक निरोगी बाई पाहिजे म्हटलं, की सगळ्यांना घरची कामं आठवायची. रोग्यासोबत आलेल्या नणंदेला विचारलं, तर ती दोन पावलं मागं सरकायची. "मुझे क्या हुआ है जो मैं दूँ?" तिचं तरी काय चुकलं.

म्हणून रीतच पडून गेली होती, की माणूस मिळालं नाही तर लॅबवाल्यांनीच आपला दंड पुढं करायचा. त्यातही अडचण होती. रोगी बहुतेक तिशी-चाळिशीतल्या बाया, आणि आमच्याकडचे पोट्टे-पोट्ट्या सगळे पंचविशीतले. वय जुळलं नाही तर तुलना फुकट. अख्ख्या मजल्यावर चाळिशीतली बाई एकच, ती मी. त्रेचाळीस वर्षांची, शुगर नाही, बीपी नाही, कसलं औषध नाही. आमच्याकडे पीएचडी करणारी एक मुलगी आहे, धमतरीकडची, मला दीदी म्हणते. ती म्हणाली, "दीदी, आप तो एकदम परफेक्ट हो." खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. परफेक्ट असं मला त्याआधी कोणी म्हटलं नव्हतं, आणि ज्यांनी म्हणायला पाहिजे होतं ते पोहे खाऊन परत गेले होते.

तर दीड-दोन महिन्यांनी एक नळी, अशा माझ्या नऊ नळ्या झाल्या. एकाच निरोगी माणसाचं रक्त पुन्हा पुन्हा पाहायचं होतं, त्यातली पेशींची गर्दी आपसूक किती बदलते ते कळावं म्हणून. दर वेळी एक फॉर्म भरायचा असतो. डोळ्यांना अंधुक दिसलं का, हातापायांना मुंग्या येतात का, चालताना तोल जातो का, असे पंधरावीस प्रश्न. दुसऱ्यांना मी ते एकेक करून विचारायची. स्वतःचा फॉर्म मात्र एका हातात चहाचा कप धरून वरपासून खालपर्यंत नाही, नाही, नाही अशा खुणा करत भरून टाकायची. मला काय होणार होतं?

मी टेक्निशियन. माझ्याकडे मोठ्या डिग्र्या नाहीत, पण हात आहे. रक्त काढायचं, ते एका जड द्रावणावर इतक्या हळू सोडायचं की दोन्ही मिसळले नाही पाहिजेत, मग मशीनमध्ये गरगर फिरवायचं. लाल ते खाली बसतं, पिवळसर पाणी वर राहतं, आणि मधोमध दुधावरच्या सायीसारखा एक पातळ पांढुरका थर धरतो. आम्हाला पाहिजे असतो तेवढाच थर. तो पिपेटनं उचलायचा, धुवायचा, त्यातल्या पेशी मोजायच्या आणि गोठवून ठेवायच्या, रोग्यांच्या एका डब्यात आणि निरोग्यांच्या दुसऱ्या. थर उचलताना माझा हात हलत नाही हे सगळ्या मजल्याला माहीत होतं. मॅडम, म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टर, नव्या पोरांना माझ्या बाजूला उभं करून म्हणायच्या, इनका हाथ देखो. माझी सगळी इस्टेट म्हणजे तो हात.

राहते मी ब्राह्मणपाऱ्यात, एका जुन्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत. वडील रेल्वेत होते, अमरावतीकडून बदलीवर रायपूरला आले आणि इथंच रिटायर झाले. ते गेले, मग तीन वर्षांपूर्वी आई गेली. भाऊ इंदूरला असतो. आई होती तोवर घरात मराठी होती. ती गेली आणि बोलायला माणूसच उरलं नाही. दिवसभर लॅबमध्ये हिंदी, किराणावाल्याकडे छत्तीसगढी 'हव', आणि घरी आल्यावर कुकरशी काय बोलणार? भावाला फोन लावला तर भाचा उचलतो. मी विचारते, "काय रे, काय करून राहिला?" त्याला समजतं सगळं, पण तो म्हणतो, "बुआ, पापा मीटिंग में हैं." मग मीही हिंदीत बोलून फोन ठेवते.

काही लोक एकटेपणाचं कौतुक करतात, झाडं लावतात, मांजर पाळतात. मला तो आवडत नाही, साफ सांगते. रविवारी दुपारी चारच्या सुमाराला मला रडू येतं आणि त्याला काही कारण लागत नाही. म्हणून सोमवारी सकाळी नवा रायपूरच्या बसमध्ये बसले की मला हायसं वाटायचं. बस त्या रुंद रिकाम्या रस्त्यांवरून जाते, सगळे आपापल्या मोबाइलमध्ये, माझ्या बाजूची सीट बहुतेक रिकामीच. पण पोचल्यावर कोणीतरी नक्की म्हणणार, "दीदी, ज़रा इधर देखना." तेवढ्यावर आठवडा निघायचा.

गेल्या हिवाळ्यात भिलाईहून एक जोडपं आलं. नवरा तिथल्या स्टील प्लांटमध्ये नोकरीला, बाई माझ्याच वयाची, आजार दोन वर्षांचा. पाय ओढत चालायची. मी हिंदीत सुरुवात केली तर ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "पाणी द्या ना जरासं, घसा सुकून राहिला." मी दंडाला पट्टा बांधत होते, तिथंच थांबले.

"तुम्ही मराठी का?"

"हो ना. आम्ही भंडाऱ्याकडचे. तुम्ही बी?"

झालं. दहा मिनिटांचं काम, मी पाऊण तास लावला. माझ्या तोंडातून आपोआप आईची बोली निघायला लागली. नवऱ्यानं विचारलं, "एवढं रक्त नेऊन तुम्ही करून काय राहिले?" त्याला मी माझी नेहमीची कुत्र्यांची गोष्ट सांगितली. ती मी हिंदीत शंभरदा सांगितली असेल, मराठीत पहिल्यांदाच.

"असं समजा, का आपल्या अंगात राखणीचे कुत्रे असतात. त्यायले टी पेशी म्हणतात. प्रत्येक कुत्र्याचं नाक वेगळं. त्या नाकाले रिसेप्टर म्हणतात. एका नाकाले ठरलेलाच वास समजते, कोणाले या तापाचा, कोणाले त्या सर्दीचा. लहान असतानाच त्यायले शिकवतात, का घरच्यायवर भुंकायचं नाही. जो ऐकत नाही त्याले तिथंच काढून टाकतात. पण एखादा सुटते. त्याले आपल्याच नसांवरच्या कव्हरचा वास चोराचा वाटते. मग तो वायरीवरचं प्लास्टिक कुरतडावं तसं ते कव्हर कुरतडत बसते."

"मंग तो कुत्रा मारून काहून नाही टाकत?"

"कोणता ते समजलं पाहिजे ना भाऊ. लाखो कुत्रे, सारे दिसायले सारखेच. आता जे औषध देतात ते चांगल्यायलेही बांधून ठेवते, मग खरा चोर आला का पंचाईत. नेमकं कोणतं नाक चुकून राहिलं, ते वाचाचं काम सुरू आहे."

बाई नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "आमच्या घरी बी एक आहे असाच. बाहेरच्यायले पाहून शेपूट हालवते, मायावरच भुंकते." तो बिचारा कानापर्यंत लाल झाला. मी किती दिवसांनी मोठ्यानं हसले असेन.

मग फॉर्म काढला आणि प्रश्न विचारायला लागले. डोळ्याचं विचारलं तर ती म्हणाली, "पहिले डोळाच तं गेला ना. म्हणजे गेला नाही, दुखे. फिरवला का मागून दुखे. आन् लाल रंग फिका दिसे. मायी लाल साडी मले इटून गेल्यासारखी दिसे. मी म्हटलं धुऊन धुऊन रंग गेला. धुणंवाल्या बाईवर अशी तणतणली मी, का तिनं कामच सोडलं."

हे मी किती बायांकडून ऐकलं होतं. "लाल रंग फीका लगता था." मी चौकोनात खूण करायची आणि पुढचा प्रश्न घ्यायची. पण ही बाई आईच्या हेलात बोलत होती, आणि ते चौकोनात गेलं नाही. मला बाजारातले टमाटे आठवले. फॉर्म पुरा केला, रक्त काढलं, त्यांना लिफ्टपर्यंत सोडलं आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावली.

टमाट्यांचं असं झालं होतं. आदल्या वर्षी दिवाळीनंतर पंधरा दिवस माझा उजवा डोळा दुखत होता. डावा माझा लहानपणापासून कमजोर, सगळी भिस्त उजव्यावर. त्या दिवसांत मी भाजीवालीशी कडाकडा भांडले होते, की कच्चे टमाटे लाल म्हणून विकतेस. तिनं बिचारीनं एक कापून दाखवला. तोही मला फिकाच दिसला, आणि मी चार लोकांत तिला खोटारडी म्हणून घरी आले. मायक्रोस्कोपवर फार बसते, चष्म्याचा नंबर बदलला असेल, असं माझं मीच ठरवून टाकलं. पंधरा दिवसांनी डोळा आपोआप बरा झाला. माझी चौथी नळी त्याच पंधरा दिवसांतली. फॉर्ममध्ये डोळ्यापुढं नाही.

आणि एकदा आठवायला लागलं की मग सगळंच आठवतं. जिन्यावर पायातली चप्पल निघून गेली आणि मला दोन पायऱ्या खाली गेल्यावर कळलं. मान खाली घालून पाय धुवायला लागलं की पाठीतून टाचांपर्यंत करंट जायचा. घरमालकिणीला मी म्हटलंही होतं, तुमच्या नळात करंट उतरतो, मिस्त्री बोलवा. मिस्त्री आला, पाहून गेला, म्हणाला काही नाही. अहो, जी बाई रोज लोकांना हेच प्रश्न विचारते तिनं नळाला मिस्त्री बोलावला. एवढी शहाणी मी.

काय करायला पाहिजे ते मला त्याच दिवशी माहीत होतं. केलं नाही. दोन आठवडे मी रोज बसमधून जायची आणि रोज ठरवायची की आज सांगू. मॅडमच्या खोलीपर्यंत जायची आणि हातमोजे संपले म्हणून सांगून परत यायची. माझी नोकरी कंत्राटावर, दर वर्षी मार्चमध्ये नवा कागद निघतो. ज्या बाईच्या नसांचा भरवसा नाही तिच्या हातात पिपेट कोण देईल? आणि त्या पोरीचं काय? तिची पीएचडी या दोन डब्यांवर उभी होती, आणि निरोग्यांच्या डब्यात इतक्या वेळा रक्त दिलेली मी एकटीच होते. माझ्या नळ्या काढल्या की तिचं दोन वर्षांचं काम लंगडं. पण ही सगळी सांगायची कारणं. खरं कारण असं, की त्या डब्यात मी निरोगी होते. माझ्या नावानं, नंबरासकट, लिहून ठेवलेली निरोगी. तिथून बाहेर निघाले की मी आजारी, आणि आजारी पडून जायचं कुठं, तर त्या दोन खोल्यांत. मला भीती वाटत होती. रात्रीची नाही, मरणाची पण नाही. चहा करून द्यायला कोणी नसेल याची.

मग डबे पाठवायचा दिवस ठरला. रिसेप्टर वाचायचं मशीन आमच्याकडे नाही, ते दुसऱ्या शहरात आहे. गोठवलेल्या नळ्या कोरड्या बर्फात भरून तिकडं पाठवायच्या, आणि काही महिन्यांनी अक्षरांच्या लांबच लांब याद्या येतात, कोणाच्या रक्तात कोणती नाकं किती आहेत त्याच्या. एकदा माझं रक्त तिकडं वाचलं गेलं की ते निरोगी म्हणून कायमचं लिहिलं जाणार. मग कुठल्याही रोगी बाईचं वाईट नाक माझ्या रक्तात सापडलं, तर शिकलेले लोक म्हणणार, हे तर निरोग्यातही असतं, सोडा याला. भिलाईच्या त्या बाईचा चुकलेला कुत्रा माझ्यामुळे सुटून जाईल, असं माझ्या डोक्यात बसलं. ते तेवढं सरळ नसतं, मला कळतं. पण बसलं ते बसलं.

भरायच्या दिवशी पोरगी यादी वाचत होती आणि मी नळ्या काढून देत होते. कोरड्या बर्फाची वाफ टेबलावरून खाली घरंगळत होती. तिनं माझा नंबर वाचला. मी नळी उचलली नाही.

"दीदी?"

"ये नहीं जाएगी."

"क्यों, पिघल गई क्या?"

"नहीं. ये हेल्दी नहीं है."

ती यादीवरून मान वर करून माझ्याकडे पाहत राहिली. तो नंबर कोणाचा ते तिला माहीतच होतं. मी डोळ्याचं सांगितलं, चपलेचं सांगितलं, नळाचं सांगितलं. सांगताना मला हसू येत होतं, का ते देव जाणे. ती स्टुलावर बसली.

"और फॉर्म में?"

"सब 'नहीं' लिखा है."

"हर बार?"

"हर बार."

"दीदी, आपको पता है इसमें मेरे कितने..." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते माझ्यासाठी होतं की तिच्या कामासाठी, मी विचारलं नाही. तिनं मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. पण तिनं उठून माझ्या नऊ नळ्या वेगळ्या काढल्या, परत गोठवायला ठेवल्या, बाकीचा डबा एकटीनं भरला आणि मॅडमना बोलवायला गेली.

पुढचं सगळं भराभर झालं. मॅडमनी माझे डोळे पाहिले, गुडघ्यांवर हातोडी मारली, तळपायावरून किल्ली फिरवली आणि एमआरआयला पाठवलं. शंकर नगरच्या बाजूला एका सेंटरमध्ये मी रिक्षानं गेले आणि रिक्षानंच परत आले. रिपोर्ट मी स्वतःच वाचला, इतके वाचले आहेत. पांढरे ठिपके होते, मेंदूत पण आणि मानेत पण. त्या संध्याकाळी भावाला फोन केला. या वेळी त्यानंच उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी येऊ का?" ज्याला यायचं असतं तो असं विचारत नाही, तिकीट काढतो. मी म्हटलं, "नको, काही घाई नाही." तो म्हणाला, "बरं, पैसे-बिसे लागले तर सांग." वाईट माणूस नाही तो. त्याला वाईट म्हटलं तर मला पाप लागेल. पण फोन ठेवल्यावर मी पायपुसण्यावरच बसून राहिले आणि पोटभर रडले.

मॅडम म्हणाल्या, काम सुटणार नाही, पण थर उचलायचं काम काही दिवस दुसऱ्याला देऊ, तुम्ही कागद सांभाळा. त्या चांगुलपणानंच म्हणाल्या. आता एक नवीन पोट्टा माझ्या जागी उभा राहतो. त्याचा हात हलतो. मी काचेच्या पलीकडून पाहते आणि माझी बोटं आपोआप जुळतात. एकदा त्यानं थर ढवळून टाकला तेव्हा मला बरं वाटलं, आणि मग तसं वाटल्याची लाज वाटली.

रिपोर्ट आल्यानंतर आठवड्याभरानं मी त्या पोरीकडे गेले. म्हटलं, माझ्या नळ्या उगीच जागा अडवून राहिल्या आहेत, आज मीच नेऊन नष्ट करते, तू फक्त वहीत नोंद कर.

"फेंकना?" ती म्हणाली. "दीदी, पागल हो क्या? वो तो सोना है."

आणि तिचा चेहरा उजळला. मी तिला दोन वर्षांपासून पाहते आहे, इतकी आनंदात मी तिला कधी पाहिली नव्हती. ती उठून उभी राहिली आणि हात हलवून बोलायला लागली. रोगी आपल्याकडे येतात तेव्हा आजार मुरलेला असतो. आजाराच्या आधीचं रक्त कोणाचंच नसतं, कारण धडधाकट असताना असं महिन्या-दोन महिन्यांनी कोण रक्त देऊन ठेवतं? आपल्याकडे ते आहे. पहिल्या तीन नळ्या डोळ्याच्या आधीच्या, चौथी ऐन दुखण्यातली, पाच नंतरच्या. कोणतं नाक केव्हा जागं झालं, ते केव्हा वाढलं, एकाच माणसात ओळीनं दिसेल. "ऐसा किसी को नहीं मिलता, दीदी. किसी को भी नहीं." बोलता बोलता तिचं माझ्या तोंडाकडे लक्ष गेलं. तिनं तोंडावर हात ठेवला. "सॉरी. सॉरी दीदी, मेरा वो मतलब नहीं था."

मतलब तोच होता. मला राग आला, खूप आला. या अख्ख्या शहरात माझ्या आजारानं कोणाला काही झालं असेल तर ते हे, की एक मुलगी खूश झाली. पण राग धरून बसायची माझी परिस्थिती नव्हती, आणि तिच्या जागी मी असते तर मीही नाचले असते. मी म्हटलं, "खुश हो ले. मैं बुरा नहीं मानूँगी." मग मीच विचारलं, आता काय लागतं?

लागत होती ती माझी नवी सही आणि सगळी माहिती. चौकोनांतली नाही, नीट. तिनं दार लावलं, स्टूल माझ्या खुर्चीजवळ ओढलं आणि कोरे कागद घेतले. कुत्र्याला हा वास पहिल्यांदा कुठं लागला ते कोणालाच नक्की ठाऊक नसतं. एखाद्या जुन्या तापापासूनच ते सुरू झालेलं असू शकतं, म्हणून ती म्हणाली, लहानपणापासून सांगा. कोणकोणते ताप आले, किती वर्षांच्या होतात, किती दिवस राहिले.

मी सांगायला लागले. रेल्वे क्वार्टरमध्ये मला गोवर निघाला होता, तेव्हा आईनं खिडकीला चादर लावून खोली अंधारी केली होती. आठवीत गळ्यात गाठी येऊन महिनाभर ताप होता, वडिलांनी ड्यूटी बदलून घेतली होती, दुपारी ते माझ्या उशाशी बसून मोसंबी सोलायचे. पोरीनं विचारलं, गाठी दोन्ही बाजूंना होत्या का? खाताना दुखायचं का? शाळेत आणखी कोणाला झालं होतं का? ती विचारायची, माझ्याकडे पाहत थांबायची आणि मग लिहायची. आई गेल्यापासून इतका वेळ माझ्याकडे तोंड करून कोणी बसलं नव्हतं. मी सावकाश सांगत होते. मोसंबीचं तिला लागत नव्हतं, तरी सांगितलं, आणि तिनं तेही लिहिलं. बसची वेळ झाली. ती म्हणाली, "थक गई हों तो बाकी कल?" मी म्हटलं, नाही, लिही तू.

मग कांजिण्या सांगितल्या, टायफॉइड सांगितला. नंतर एक ताप सांगितला, ज्यात पाच दिवस डोळे उघडत नव्हते आणि आई रात्रंदिवस कपाळावर पट्ट्या ठेवत होती. चांगला लांबवून सांगितला. तिचं अर्धं पान भरलं. आणि भरता भरता मला आठवलं, की त्या खाटेच्या बाजूला मी उभी होते. खाटेवर भाऊ होता.

"ये काट दे," मी म्हटलं. "ये मेरा नहीं है. भाई का था."

तिनं त्या अर्ध्या पानावर काट मारली, पेन पुन्हा कागदावर टेकवलं आणि विचारलं, "और?"

मी बराच वेळ आठवून पाहिलं. आणखी काही नव्हतं.